विणणारीचं आडनाव

रवि., ११ जाने.
इथे आखातात आठवडा रविवारी सुरू होतो. तीन वर्षं झाली, अजून अंगवळणी पडलेलं नाही. स. पावणेसहाला नातीला, ईराला, उठवलं. उठेना. पांघरूण ओढलं, मग उठली, इंग्रजीत रडत. नऊ वर्षांची घोडी. सुनबाई मेघना साडेसहाला लॅबमध्ये, माझा संदीप तिच्यामागून. दत्तूच्या व्हॅनमधून ईरा शाळेत गेली की दु. दोनपर्यंत घरात मी आणि एसी. थंडीचे दिवस तरी चालू. संदीप म्हणतो हवा फिरते. फिरू दे.
भाच्याचा, प्रशांतचा, व्हिडिओ आला. एरवी नुसती गुड मॉर्निंगची फुलं पाठवतो. आज माझा भाऊ नाना दिसला त्यात. कॉलेजची कोणी पोरगी येवल्याला घरी येऊन मागाचं शूटिंग करून गेली. खड्ड्यातला माग गल्लीत आमचाच उरला म्हणे. तिनं विचारलं, किती पिढ्या विणताय? नाना म्हणाला, "तीन. आजोबा, वडील, मी. माग एक दिवस बंद पडला नाही."
तिथं थांबवला. मागे नेला. परत ऐकलं. तीनदा ऐकलं.
बंद पडला नाही हे खरं आहे. का पडला नाही ते नाही सांगितलं त्यानं.

सोम., १२ जाने.
प्रशांतला फो. केला. म्हटलं शूटिंग कशाला? तर म्हणतो, "आठवण म्हणून आत्या. माग काढतोय ना. खड्डा बुजवून फरशी घ्यायची. बायकोचं पार्लर."
"नानाला विचारलंस?"
"नानांचे गुडघे गेले. ते आता कुठे उतरतात खड्ड्यात."
"मग बुजव," म्हटलं. फोन ठेवला. लेकीबाळींनी माहेरच्या कारभारात बोलू नये. मी बोलत नाही.
भेंडी जळाली आज.

मंगळ., १३ जाने.
ईराला शाळेतून काम. इंग्रजांचं एक आडनाव घ्यायचं, ते कुठून आलं ते शोधायचं, त्या आडनावाची मोठी माणसं कोण ते लिहायचं, आणि सगळ्यांपुढं उभं राहून सांगायचं. पोरांनी स्मिथ, टेलर, बेकर असली घेतली. आमच्या बाईसाहेबांनी कुठलं घेतलं? वेबस्टर. का? तर तिच्या बाईंचं आडनाव वेबस्टर.
म्हटलं, "लोचट कुठली."
"आजी, व्हॉट इज लोचट?"
"तू."

शुक्र., १६ जाने.
संक्रांतीचं ह.कुं. आज सुट्टीच्या दिवशी. पलीकडच्या व्हिलात पुण्याच्या एक आहेत, त्यांच्याकडं. पंधरा-सोळा बायका, सगळ्यांच्या काळ्या साड्या, गाड्याही काळ्या. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे. कुंकवाची कोयरी माझ्यापाशी आली तशी ती बाई थबकली. मी म्हटलं, "लावा हो, नवरा गेलाय, कपाळ आहे अजून." लावलं. मेघनानं मान खाली घातली, हसत होती का लाजत होती कोण जाणे.
एकीनं विचारलं, "आजी, तुम्ही माहेरच्या कोण?"
पटकन आठवेना. म्हणजे आठवलं, पण तोंडातून यायला वेळ लागला. घाटकर. शेवटचं कोणी कधी विचारलं होतं? सुभद्रा घाटकर. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं मंगल लिहिलं, तेव्हापासून मंगल मोरे. तांदूळ पुसायला काय लागतं.
तिळगूळ फार कडक. दात सांभाळले.

रवि., १८ जाने.
ईरा लॅपटॉप घेऊन आली. "आजी, आजी, गेस व्हॉट!" वेबस्टर म्हणजे विणणारी. विणणारा नाही, विणणारी. फार जुन्या इंग्रजीत विणणाऱ्या बाईला तसलं काहीतरी म्हणायचे. विणणाऱ्या बाप्याचं आडनाव वेगळं, वेब. भाकरी भाजणाऱ्या बाईचंही आहे एक, बॅक्स्टर. पुढं पुढं बायका गळाल्या आणि बाप्येही तेच आडनाव लावायला लागले. इंग्लंडात वरच्या अंगाला आणि त्याच्याही वर, स्कॉटलंडात, गावंच्या गावं आहेत वेबस्टरांची.
म्हटलं, "मोठी माणसं कोण निघाली?"
वाचून दाखवली. अमेरिकेतल्या एकानं जाडजूड शब्दकोश केला. एक नाटकवाला, त्याच्या नाटकात शेवटाला सगळे मरतात. एक भाषणं ठोकणारा पुढारी. अजून चारपाच.
"बाई कुठाय यात?"
शोधलं तिनं. खेळाडू सापडली एक. विणणारी एकही नाही.
"आणि ती पहिली कोण होती? जिच्यावरून पडलं?"
"नोबडी नोज, आजी."
बघा. कंबर मोडून विणलं तिनं आणि मोठे झाले हे.

मंगळ., २० जाने.
ईरा डायनिंग टेबलावर तक्ता रंगवत होती, मी समोर लसूण सोलत. म्हणाली, "आजी, व्हाय आर युअर फीट डान्सिंग?" खाली बघितलं. माझे पाय. एकदा डावा, एकदा उजवा. मागाच्या पावड्या दाबत होते. पंचावन्न वर्षं झाली. या फरशीवर पावड्या कुठून आल्या?
काय झालं कोण जाणे, सांगितलं तिला. सासूला सांगितलेलं नाही, नवऱ्याला सांगितलेलं नाही, संदीपला नाही. नऊ वर्षांच्या पोरीला सांगितलं, तेही अर्धं मराठी अर्धं खुणांनी.
चौथी झाली तेव्हा आप्पांची, माझ्या वडिलांची, छाती बिघडली. धोटा दोनदा फेकला की खोकला. घरात बाप्या म्हणजे नाना, तो सात वर्षांचा. मी अकरा. आमच्यात पोरीनं सुताच्या कांड्या भरायच्या, रहाट फिरवायचा, खड्ड्यात पाय घालायचा नाही. मागावर पोरगी बसली म्हणजे घर बुडालं, आणि तिला स्थळ येत नाही. तरी आप्पांनी दार लावलं आणि मला खड्ड्यात उतरवलं. उन्हाळ्यात खड्ड्याची माती गार असायची, गुडघ्यापर्यंत गार. चार वर्षं विणलं. लुगडी, पीतांबर. पुढं काठात बुट्टीसुद्धा.
नाना ओट्यावर बसून पाढे म्हणायचा. राखण त्याची. कोणी येताना दिसलं की सतराचा पाढा सुरू करायचा. तो ऐकला की मी दोराला धरून वर, रहाटापाशी. आप्पा खोकत खोकत खड्ड्यात. कापड विकत घेणारा पेढीवाला आत यायचा, कापड बघायचा. एकदा म्हणाला, "घाटकर, हात सुधारला हो तुमचा. काठ पूर्वीपेक्षा सरळ येतो."
आप्पा खोकले. मी रहाट फिरवला.
ईरा तोंड उघडं टाकून बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, यू आर द वेबस्टर!" आणि तक्त्यावर मोठ्या माणसांच्या खाली जागा सोडली.
म्हटलं, वेडी आहेस. लसूण मात्र सगळा सोलून झाला, तोही दुप्पट.

बुध., २१ जाने.
ईरानं विचारलं, "मग थांबलीस का?" पंधराव्या वर्षी लग्न झालं म्हणून. सासरी कांद्याची शेती आणि म्हशी. माहेरी गेले तर माहेरवाशीण, पाट मांडून बसवायचे. नाना मागावर आणि मी पाटावर. मागाच्या खोलीतून आवाज यायचा, धोटा, फणी, धोटा, फणी. कान तिकडं, हातात चहाचा कप. आईला कळायचं. ती मुद्दाम मोठ्यानं बोलायची.
एकदाही कोणी म्हणालं नाही, बस गं जरा मागावर.
मीही म्हटलं नाही, बसू का.

गुरु., २२ जाने.
लिहू नये असं वाटतंय. लिहिते.
ईराच्या बाईंनी सांगितलंय, जे जे लिहाल त्याचा सोर्स पाहिजे. कुठून कळलं ते. "आजी, सोर्स?" म्हटलं माझं तोंड. तर म्हणे स्वतःचं तोंड चालत नाही, दुसरं कोणी पाहिजे. फोटो आहे? कुठला फोटो. आमच्याकडं फोटो लग्नात आणि मेल्यावर.
दुसरं कोणी म्हणजे नानाच उरलाय. लावला फो. स्पीकरवर ठेवला. ईरा पेन घेऊन बसली. तिनं बिचारीनं मराठीत घोकून ठेवलं होतं, "नाना आजोबा, माझी आजी माग चालवायची का?"
नाना खाकरला. मग म्हणाला, "तुझी आजी? नाही बाळा. ती कांड्या भरायची. माग आप्पांचा."
"फोर इयर्स? चार वर्षं?"
"छे छे. पोरी नाही बसत आमच्यात मागावर."
वर हसला. मेला हसला.
ईरानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "ठेव फोन." तिनं ठेवला. मग तक्त्यावर त्या सोडलेल्या जागेत लिहिलं. विचारलं काय लिहिलंस. वाचून दाखवलं. "माय आजी, सुभद्रा. नॉट कन्फर्म्ड."
खोडलं नाही तिनं माझं नाव. तेवढं आहे.

शुक्र., २३ जाने.
सगळे समुद्रकाठच्या द पर्लला गेलो. बोटी बघायच्या. बोटीत कोणी बसत नाही, नुसत्या बांधून ठेवलेल्या, पांढऱ्याफेक. संदीपनं कॉफी घेतली, मला पाणी. "आई, गप्प का?" गुडघा दुखतोय म्हटलं. वाऱ्याला थंडी होती.
सत्तर वर्षांत एक माणूस मला विणताना बघणारा जिवंत राहिला, आणि तो नाही म्हणतो. मग मी विणलं का नाही? ती कापडं कुठं असतील, फाटून पोतेरं झाली असतील. पेढीवाला गेला. आप्पा गेले. माझ्या हाताला काय आठवतं ते हात काही बोलत नाहीत.
पण खड्डा आठवतो. मातीचा वास. डाव्या पावडीला फट होती, अंगठा अडकायचा. हे काय मी सपनात बघितलं?
घरी आल्यावर उगाच सगळ्यांवर ओरडले. खिचडी केली, कोणी जेवलं नाही नीट.

रवि., २५ जाने.
दत्तू दुपारी ईराला सोडायला आला, चहाला थांबला. सिन्नरचा, पाच पोरांना शाळेत नेतो-आणतो, अल नस्र भागात सहा जणांत एका खोलीत राहतो. बायको-पोरं गावाकडं. माझ्या हातच्या चहाला येतो, मी त्याच्या बोलण्याला. नाशिककडची बोली ऐकली की कान मोकळे होतात.
पाच फेब्रुवारीला निघतोय. दोन वर्षांनी. मुंबईला उतरून भावाची गाडी, रात्रीपर्यंत सिन्नर.
"बायको ओळखेल का?"
"इन्शाल्ला, मावशी."
"सिन्नरचा ना रे तू? इन्शाल्ला काय."
"सवय झाली. माझी बायको पण म्हणते आता, फोनवर."
जाताना म्हणाला, "काय न्यायचं असंल येवल्याला तर द्या. वाट तीच. तुम्हाला बी नेऊन सोडतो म्हणा, गाडीत जागा आहे." चेष्टेत म्हणाला. मी पण चेष्टेत हसले. चहाचं भांडं घासताना मात्र हसू आलं नाही.

मंगळ., २७ जाने.
शाळेत गेले. पोरांचं सांगणं बघायला घरच्यांना बोलावलं होतं. मेघनानं अर्धी सुट्टी टाकली. नऊवारीच नेसले.
वेबस्टरबाई म्हणजे चाळिशीची, उंच, केस कापलेले, पायात सपाट बूट. माझ्यासारखीच पाठीत थोडी वाकलेली. ईरानं घडाघडा सांगितलं. विणणारी, वेब, बॅक्स्टर, शब्दकोशवाला, नाटकवाला. शेवटी आमची ओळ आली. बाईंनी विचारलं हे नॉट कन्फर्म्ड काय. ईरानं सगळ्या वर्गापुढं सांगितलं, आजी म्हणते विणलं, तिचा भाऊ म्हणतो नाही. माझे कान तापले. मेघना माझ्याकडं बघायला लागली. तिला तर काहीच माहीत नव्हतं.
बाई माझ्यापाशी येऊन खाली बसली. खुर्ची न घेता, जमिनीवर, पोरांसारखी. बोलली. ईरानं मराठीत केलं, "आजी, मिस म्हणते, तिचं पण नॉट कन्फर्म्ड आहे. तिच्या घरात कोणी कधी विणलं का, तिला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. फक्त नेम आहे."
मग बाईनं माझा हात हातात घेतला, उलटा केला, बघितला. काय दिसणार. भांड्याचा हात. पण मी नाही ओढून घेतला.
विचारलं तिनं, कन्फर्म करायला काय पाहिजे?
मी म्हटलं, "माग."
ईरा म्हणाली, "लूम, मिस."
परत येताना गाडी मेघना चालवत होती. सिग्नलला म्हणाली, "आई, तुम्ही कधी बोलला नाहीत."
"तू कधी विचारलं?" असं म्हणाले. नको होतं म्हणायला. ती वाईट नाही.

बुध., २८ जाने.
नानाचा फो. स्वतःहून. कधी करत नाही, पैसे जातात म्हणतो, फुकट असतो तरी.
"अक्का, रागावलीस?"
"कांड्या भरणाऱ्या बाईला राग कसला."
"त्या दिवशी पोरगी होती ना फोनवर."
"नात आहे माझी ती!"
"कुणाची का असेना. आप्पांनी बजावलं होतं, कुणापाशी बोलायचं नाही."
"आप्पा जाऊन चाळीस वर्षं झाली, नाना."
"मला कुठं म्हणाले ते, की आता बोललास तरी चालेल?"
काय बोलावं अशा माणसाला? डोकं आहे का खोका? सात वर्षांचा होता तेव्हापासून ओट्यावरच बसलाय. का नाव त्यालाच पाहिजे होतं आणि आप्पांची आण आडोशाला बरी? त्याचं त्याला माहीत. मला सत्तर वर्षांत कळलं नाही, एका फोनमध्ये काय कळणार.
मग हळूच म्हणाला, "पीतांबर लागलंय मागावर. दीड हात राहिलंय. माझ्यानं उतरवत नाही. प्रशांत म्हणतो कापून टाकू, शनिवारी सात तारखेला फरशीवाला येतोय."
"मग कापा."
"अर्धं कापत नाहीत अक्का मागावरचं. तुला का सांगायला पाहिजे?"
नाही पाहिजे. घरात माणूस मेलं तरी ताण्यावरचं पुरं करून मग माग धुतात. अर्धं कापलं तर त्या घराच्या हाताला बरकत राहत नाही. आप्पांनी तापात असताना मला सांगितलं होतं, काय होईल ते होवो, उतरव.
"तू येशील?" म्हणाला.
"आणि पोरी बसत नाहीत ना आमच्यात?"
फोनवर त्याचं धापणं ऐकू येत होतं. आप्पांसारखंच झालंय.
"तुझा काठ माझ्यापेक्षा सरळ यायचा," म्हणाला. "मला कधी तसा आला नाही."
"हे त्या कॉलेजच्या पोरीपुढं म्हण."
"ये तर आधी."
म्हणाला नाही, म्हणेन. म्हणणार नाही, असंही म्हणाला नाही.

शुक्र., ३० जाने.
जेवताना काढलं. मेघनानं विणण्याचं संदीपच्या कानावर घातलेलं होतं. संदीपला म्हटलं, दत्तूबरोबर पाच तारखेला जाते, पंधरा दिवसांत येते.
"आई, एकदम? कशासाठी?"
"पीतांबर पुरं करायचंय."
"किती राहिलंय?"
"दीड हात."
"दीड हात कापडासाठी दोन विमानं?"
"हो. दीड हातासाठी."
त्याचं आपलं सुरू. दोनला ईरा येते तेव्हा घरी कोण, मेघनाची रजा संपली, त्याचं शटडाऊन आहे प्लांटला, ड्रायव्हरबरोबर कशी जाशील, मार्चमध्ये सगळेच जाऊ. मार्चमध्ये तिथं पार्लर असेल, म्हटलं, भुवया कोरून घेऊ माझ्या. ईरा फिदीफिदी हसली. संदीप नाही हसला. "तुला तिथं कोणी मानत नाही आणि तू.." असं काहीतरी बोलला आणि थांबला. बापावर गेलाय, वाक्य अर्धं सोडतो.
पोरगं वाईट नाही. त्याची अडचण खरी आहे. माझीही.
भांडी लावताना मेघना आली शेजारी. हळू विचारलं, "आई, दीड हाताला किती दिवस लागतात?"
"हात बसला तर दोन दिवस."
"आणि नाही बसला तर?"
तिच्या हातात ताट दिलं. हेच तर आहे. इतके दिवस नानावर ओरडतेय, पण भीती वेगळीच. पंचावन्न वर्षांनी खड्ड्यात उतरले, धोटा फेकला आणि तो पलीकडं गेलाच नाही तर? काठ वाकडा आला तर? मग नानाचंच खरं. कांड्या भरायची ती. तेव्हा तर कोणाला कन्फर्म करायलाही नको. इथे बसून निदान म्हणता तरी येतं, विणत होते.
तरी जायचंय. किती जायचंय ते लिहिता येत नाही, चौथीत तेवढं शिकवलं नाही.

शनि., ३१ जाने.
काही नाही. तूर डाळ संपली. ईराला टाके शिकवले दोन, तिनं एक उलटा घातला आणि म्हणाली खलास. संदीप माझ्याशी बोलतोय पण टीव्हीकडं बघून. मेघना खोलीत फोनवर, दार लावून, कोणाला तरी दुपारची शिफ्ट बदलायची म्हणत होती का दुसरंच काही, नीट ऐकू आलं नाही. कान लावला नाही. थोडा लावला.

रवि., १ फेब्रु.
दत्तू आला. "मावशी, काय ठरलं? माझं तिकीट झालंय. गुरुवारी सकाळचं आहे." मागच्या वेळी चेष्टेत बोलला होता, आता तोंड सरळ ठेवून विचारत होता. माझं मी काय सांगणार, घरात विचारून सांगते म्हटलं. सत्तरीला आलेली बाई मी, घरात विचारून सांगते. तो हो म्हणाला, जसं काही सगळ्यांचं असंच असतं. असतंच.
प्रशांतला फो. केला. म्हटलं फरशीवाल्याला आठवडाभर थांबव. म्हणाला, "आत्या, त्याला दुसरी कामं आहेत. तुम्ही नक्की येताय का? नक्की असेल तर बघतो." नक्की म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मागून नानाचा आवाज आला, "कोण, अक्का का?" फोन घेतला नाही त्यानं.

सोम., २ फेब्रु.
स. साडेसहाला संदीप बूट घालत होता. बूट घालता घालता, वर न बघता म्हणाला, "आई, तुझा पासपोर्ट कुठाय?"
माझा इथला आयडी या महिन्यात रिन्यू करायचा आहे, त्यालाही पासपोर्ट लागतो. त्यासाठी मागितला असेल. नसेलही.
कपाटात, खालच्या खणात, शालीच्या खाली, म्हटलं. त्यानं घेतला, उघडला, पहिल्या पानावरचं माझं नाव, मंगल मोरे, बघत उभा राहिला थोडा वेळ, जसं कधी वाचलंच नव्हतं. मग बॅगेत टाकला आणि गेला.
कशाला ते विचारलं नाही मी. त्यानं सांगितलं नाही. आता दोन वाजेपर्यंत मी आणि एसी.